ट्रॉलीचे दिवे आणि माझं सर्टिफिकेट

आमच्याकडे रंगाचे डबे वर्षातून एकदाच उघडायचे, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे ऐसपैस अंगण, असं आमचं घर होतं. ते अंगण मुळात मेंढरांसाठी ठेवलेलं. मला समज येईपर्यंत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कळप विकून एक जुना ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे जोडायची ट्रॉली घेतली होती, आणि मेंढरांच्या जागी ती जोडी उभी असायची. मायनं पाच मेंढ्या मात्र विकू दिल्या नव्हत्या. "लेंडीचा वास आला नाय तर मला माझं घर वळखू येत नाय," असं ती म्हणायची. सकाळी आधी मायच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, मग कारखान्याचा भोंगा व्हायचा, आणि मग आबा शिव्या देत देत ट्रॅक्टर सुरू करायचे. हे तिन्ही आवाज झाल्याशिवाय मी अंथरूण सोडत नसे. आता पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये यातला एकही आवाज येत नाही, तरी मी त्यांची वाट पाहत पडून राहते. मुलगा म्हणतो, हा शुद्ध आळस आहे. असेलही.

खंडेनवमीला माय ओसरीवर घोंगडी अंथरायची आणि तिच्यावर घरातली सगळी हत्यारं मांडायची. लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, विळे, आणि ट्रॅक्टर आल्यापासून आबांचे पाने आणि जॅकसुद्धा. मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे, त्या वर्षी कातर आणि जॅक यांच्यामध्ये माझं आयटीआयचं सर्टिफिकेट ठेवलेलं होतं. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते आणि निकालात दुसरी आले होते. पहिला आलेल्या मुलाचं देव भलं करो, पण त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मायला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिनं हळदीकुंकवाचं बोट नेमकं माझ्या नावावर टेकवलं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, हा डाग कसला? मी म्हटलं, प्रयोगशाळेतल्या रसायनाचा. त्यांना ते खरं वाटलं, म्हणजे तेही फार हुशार नसावेत.

या सर्टिफिकेटामागे एक माणूस होता, साळवेमामा. ते माझे सख्खे मामा नव्हते. गावाकडे आमचा कळप त्यांच्या वडिलांच्या शेतात खतासाठी बसायचा, तेव्हापासूनची आबांची आणि त्यांची दोस्ती. पुढे दोघंही शहराच्या कडेला आले. आबा ट्रॅक्टरवर बसले आणि मामांनी जालना रोडवर निळ्या भिंतीचं एक दुकान थाटलं. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, कशाचंही वायरिंग ते करायचे. त्या भागातल्या जवळजवळ सगळ्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे त्यांच्याच हातचे होते. दहावी झाल्यावर आबा माझ्या लग्नाचं बघायला लागले, तेव्हा मामा आयटीआयचा फॉर्म घेऊन घरी आले, स्वतः भरला आणि आबांची सही घेतल्याशिवाय चहाला हात लावला नाही. "पोरगी वायरमन होऊन काय करणार?" असं आबा म्हणाले, तर मामा म्हणाले, "काय करंल ते तिला ठरवू दे. तू फकस्त सही कर." त्या एका सहीवर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे. असं असताना मी त्या माणसाशी जे केलं, ते सांगायला मला इतकी वर्षं लागली.

त्या खंडेनवमीला रंगकाम माझ्याकडे होतं. दरवर्षी आबा नुसते मडगार्ड आणि ट्रॉलीच्या बाजूचे फाळके रंगवून मोकळे व्हायचे. मी शिकलेली, त्यामुळे माझं काम तसं कसं असणार? मी घासकागद आणला, गंज काढला, आधी तांबडा प्रायमर दिला आणि मग सगळीकडे रंगाचे तीन हात मारले. ट्रॅक्टरच्या मागचा हूक, ट्रॉलीच्या दांडीची कडी आणि दोन्ही जोडणारी पिन मी चंदेरी रंगवली. कडीच्या आत ब्रश जाईना, तर बोटाला चिंधी गुंडाळून आतूनही रंगवली. आबांनी सगळीकडून फिरून पाहिलं आणि म्हणाले, "नवरीवानी दिसायलीय." मायनं सगळ्यांची दृष्ट काढली, ट्रॅक्टरची, ट्रॉलीची आणि माझी. पुरणपोळी खाऊन मी दुपारभर लोळले.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आबा विटा घेऊन जालना रोडनं येत होते. दिवेलागण झाली होती. मागून आलेल्या ट्रकला पुढे ट्रॉली आहे हे दिसलंच नाही. अगदी शेवटच्या क्षणी त्यानं गाडी वळवली, फाळक्याला घासून गेला आणि वरच्या थरातल्या विटा रस्त्यावर सांडल्या. आबा घरी आले ते थेट ओसरीवर बसले. मायनं पाणी दिलं, तर त्यांनी आधी ट्रॉलीकडे बोट दाखवलं. मी जाऊन पाहिलं, तर ट्रॉलीचे मागचे दिवे जवळजवळ मेलेले होते. आबा म्हणाले, "दिवे लागल्याबिगर ट्रॉली अंगणाच्या भाईर जाणार नाय. उद्या साळव्याकडं नेतो." मला ते फार लागलं. घरात इलेक्ट्रिशियन असताना बाहेर न्यायची? मायही माझ्या बाजूनं म्हणाली, "मग पोरगी शिकली कशासाठी?" आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघ बाई."

पुढचे तीन दिवस मी ती ट्रॉली बघितली. दुखणं विचित्र होतं. ट्रॅक्टर एकटा असला की त्याचे स्वतःचे दिवे लख्ख लागायचे. ट्रॉली जोडली की तिचे दिवे मिणमिणायचे. डावा इंडिकेटर लावला की दोन्हीकडचे लाल दिवे त्याच्या तालावर मंद मंद उघडझाप करायचे, आणि ब्रेक दाबला की जो दिवा लागायला हवा तो सोडून भलताच लागायचा. माय म्हणाली, दृष्ट नीट निघाली नाही. त्या वेळी मी तिला हसले, पण खरं सांगायचं तर तीन दिवस माझ्याकडे याहून बरं उत्तर नव्हतं. मी बल्ब बदलले. होल्डर घासून काढले. फ्यूज बदलला. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या तारा जिथं जुळतात तो प्लग तीनदा उघडला. तपासायला माझ्याकडे एक बल्ब होता, त्याच्या एका तारेला चिमटा आणि दुसरीला टोचायची सुई. चिमटा मी दर वेळी ट्रॅक्टरच्या बॅटरीपाशी लावायचे, कारण चिमट्याला पकडायला उघडं लोखंड तेवढंच उरलं होतं, बाकी सगळीकडे माझा रंग होता. या वाक्यात सगळं उत्तर आहे, आणि मी ते तीन दिवस हातात धरून बसले होते. सुई ट्रॉलीच्या कुठल्याही तारेत टोचली की माझा बल्ब लख्ख पेटायचा. म्हणजे तारेत करंट आहे, शेवटपर्यंत आहे, तरी दिवा मंद.

तिसऱ्या दिवशी ट्रॉलीखाली उताणी पडल्या पडल्या मला एकदम साक्षात्कार झाला. प्रत्येक दिव्याला एकच तार आली होती. आयटीआयमध्ये आम्ही ज्या ज्या बल्बला हात लावला, त्याला दोन तारा होत्या, एक जाणारी आणि एक येणारी. इथं येणारी तारच नव्हती. गाड्यांच्या वायरिंगचा एक तास आम्हालाही होता, पण त्या दिवशी मी मैत्रिणीबरोबर मॅटिनीला गेले होते. मी बाहेर आले, केसातली माती झटकली आणि ठरवून टाकलं की साळवेमामांनी अर्धी तार वाचवली. गेली सात-आठ वर्षं हेच दिवे उत्तम लागत होते, हा विचार माझ्या डोक्यात आला, पण मी त्याला बसायला जागा दिली नाही.

एवढं घरात म्हटलं असतं तर भागलं असतं. पण आबांना चहाच्या हॉटेलात बोलवायला गेले, तर तिथं सहा-सात ट्रॅक्टरवाले बसलेले. त्यांच्यात उत्तमकाकाही होते, आमच्या मागच्या गल्लीतले. त्यांनी विचारलं, "काय वायरमनबाई, सापडलं का?" झालं. मी उभ्या उभ्या तास घेतला. बल्बला दोन तारा लागतात, मामांनी एकच टाकली आहे, हे काम कच्चं आहे, आणि तुमच्या सगळ्यांच्या ट्रॉल्यांना हेच केलेलं असणार. एका तारेवर दिवा आज लागेल, उद्या दगा देईल. परवा आबांना ट्रक घासून गेला, तो याच्यामुळे. हे शेवटचं म्हटल्यावर सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "साळव्यानं असं केलं?" मी म्हटलं, "दाखवते ना मी तुम्हाला." आबांना अक्षरओळख बेताचीच, सर्टिफिकेट मात्र त्यांनी स्वतः फ्रेम करून आणलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला.

मी प्रत्येक दिव्याला दुसरी तार टाकली आणि ती थेट बॅटरीपर्यंत नेली. बटण दाबलं आणि ट्रॉलीचे दिवे असे लागले की माय स्वयंपाक टाकून बाहेर आली. डावा डावा, उजवा उजवा, ब्रेक ब्रेक. माझ्या आयुष्यात इतक्या चुकीच्या कारणानं इतकं बरोबर काम पुन्हा झालेलं नाही. आता कुणाला शंका घ्यायला जागाच राहिली नाही, मला तर नाहीच. दुसऱ्या दिवशी एक ट्रॉली आमच्या अंगणात आली, मग दुसरी. तीन आठवड्यांत मी सात ट्रॉल्यांमधून मामांच्या तारा ओढून काढल्या आणि माझ्या घातल्या. माय येसराची आमटी करायची आणि म्हणायची, "माझ्या वायरमनला आधी वाढू द्या." अंगणात मामांच्या जुन्या तारांचा ढीग साठला. त्या तारा चांगल्या होत्या, जाड तांब्याच्या, नीट टेप गुंडाळलेल्या. हेही मला दिसत होतं. आबा आधी रोज जाता येता मामांच्या दुकानासमोर हॉर्न द्यायचे आणि मामा आतून हात वर करायचे. आता आबा तिथून मान सरळ ठेवून जायला लागले. मी शेजारी मडगार्डवर बसलेली असले की मीही मान सरळ ठेवायचे.

आठवी ट्रॉली उत्तमकाकांची. त्यांचीही तीच तक्रार, इंडिकेटर लावला की सगळं मिणमिणतं. ती सोडवून बाजूला घ्यायची होती म्हणून त्यांनी पिन काढायला घेतली, तर पिन निघेना. दसऱ्याला त्यांनीही पिनीवर रंग चढवला होता, तो सुकून ती घट्ट बसली होती. उत्तमकाकांनी हातोडा घेतला आणि दोन-चार घाव घातले. दिवे चालूच होते. तिसऱ्या घावाला रंगाची खपली उडाली आणि ट्रॉलीचे मागचे दोन्ही दिवे लख्ख लागले. मी अजून एकाही तारेला हात लावलेला नव्हता. उत्तमकाका म्हणाले, "आरं, हातोड्यानंच बरी झाली की." मी त्यांना काहीतरी थातुरमातुर सांगून घरी पाठवलं.

मग मी आमच्याच ट्रॉलीपाशी गेले. माझी दुसरी तार बॅटरीवरून सोडली आणि तिच्या जागी मामांची पद्धत ठेवली, एका दिव्याला एक तार. दिवे पुन्हा मिणमिणले. कानस घेतली आणि हुकावरचा, कडीवरचा आणि पिनीवरचा माझा चंदेरी रंग लोखंड दिसेपर्यंत घासून काढला. दिवे पेटले. मामांनी अर्धी तार वाचवलेली नव्हतीच. येणारी तार म्हणजे ती अख्खी लोखंडी ट्रॉली होती. करंट दिव्यातून ट्रॉलीच्या लोखंडात उतरायचा, दांडीवरून हुकात आणि हुकातून ट्रॅक्टरमध्ये जायचा. त्या वाटेवर मी तीन हात रंग देऊन बसले होते. कडीच्या आतून, बोटाला चिंधी गुंडाळून. आबांच्या अंगावर ट्रक आला तो मामांच्या तारेमुळे नव्हे, माझ्या ब्रशमुळे. मी तिथंच चाकाला टेकून बसले.

माझा एक भाचा आता बिडकीनला ट्रेलर चालवतो. त्याच्या ट्रेलरला सात पिनांचा सॉकेट आहे, लोखंडाच्या भरवशावर काही नाही. तरी कधी दिवे बिघडले की तो मला फोन करतो, आणि मी पहिला प्रश्न विचारते, रंग कधी दिला होतास? त्याला वाटतं, आत्याचं आता वय झालं.

तर, हे कळल्यावर मी काय केलं? काहीच नाही. दोन दिवस मी गप्प राहिले. उत्तमकाकांना काही समजलेलं नव्हतं, बाकी कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता, आणि सातही ट्रॉल्यांचे दिवे लागत होते. मी स्वतःला समजावत होते की दोन तारा केव्हाही बऱ्याच. ते खरंही होतं. पण ताटावर बसलं की अर्धी भाकरी तशीच सोडून उठायचे. मामांनी फॉर्मवर माझं नाव किती सावकाश, किती टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ते डोळ्यांसमोर यायचं. मला माझी लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की माझं नाव जाईल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माय भाकरी भाजत होती. तिनं तव्यावरून नजर न काढता विचारलं, "पोटाला काय झालं गं तुझ्या?" मी सगळं सांगून टाकलं. तिनं भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली.

"साळव्याचं नाव कुठं घेतलं होतंस?" तिनं विचारलं.

"हॉटेलात."

"किती जण होते?"

"सहा-सात. आबा धरून."

"मग तेवढे जमल्यावर जा."

सकाळी मी हॉटेलात गेले. आबा होते, उत्तमकाका होते, बाकीचेही होते. या वेळी उभ्या उभ्या तास घेणं जमलं नाही. कसंबसं सांगितलं की मामांचं काम पक्कं होतं, रंग मी दिला होता, खोटं मी बोलले होते. मग एक जण हसला, मग सगळेच हसले. उत्तमकाका म्हणाले, "म्हंजी माझा हातोडाच खरा वायरमन." दुसरा म्हणाला, "जाऊ दे ना पोरी, नव्या तारा तर भेटल्या." हसून त्यांनी विषय संपवला, पण मामांचं गेलेलं नाव त्यांच्या हसण्यानं परत आलं नाही, हे मला तिथंच दिसलं. आबा हसले नव्हते. ते बाहेर आले, ट्रॅक्टरच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "साळव्याकडं तू एकटीच जा. मला तोंड नाय तिथं." माझ्या बापाला मी पहिल्यांदाच इतकं लहान झालेलं पाहिलं, आणि ते माझ्यामुळे होतं.

मी चालत गेले. दुकानापर्यंत पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मामा स्टुलावर बसून एक हॉर्न उघडून साफ करत होते. दुसरं काही काम दुकानात दिसत नव्हतं. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "मामा, माझं चुकलं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "काय चुकलं ते सांग."

मी सांगितलं, हॉटेलातलं सगळं, कडीच्या आतल्या चिंधीसकट.

"रंगाचे हात किती दिले?"

"तीन. खाली प्रायमर."

"प्रायमर बी?" ते म्हणाले आणि मिशीत हसल्यासारखे वाटले, पण लगेच गंभीर झाले. "तुझ्या बापाचे दिवे गेले हे त्याच दिवशी कानावर आलं मला. दसऱ्याला हूक चकाकताना बघितला होता, तवा कळलंच काय झालंय ते. पर ट्रॉली घरी उभी केली म्हणून ऐकलं. म्हन्लं, आता पोरगी शोधील. नाय सापडलं तर विचारायला येईल."

"आणि हॉटेलातलं कळल्यावर?"

"कळल्यावर लई राग आला." त्यांनी हॉर्न खाली ठेवला. "तरी दुपारचं घरी जेवायला गेलो नाय. तीन आठवडे झाले. बायको डबा पाठवती. वाटायचं, पोरगी नेमकी त्याच टायमाला यायची आन् दुकान बंद बघून माघारी जायची."

मला हुंदका आवरला नाही. मी दाराची चौकट धरून मोठ्यानं रडले, रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती तरी. मामांनी मला रडू दिलं. पोटभर झाल्यावर म्हणाले, "व्हय, आता बास. इथं बॅटऱ्या उघड्या हायत, पाणी नको सांडू." मग उठून त्यांनी साबणानं हात धुतले, टॉवेलला पुसले आणि स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. पायात चपला घालताना म्हणाले, "मी घरी जेवून येतो. गिऱ्हाईक आलं तर बघ." आणि मला दुकानात बसवून ते भर उन्हात घराकडे चालायला लागले.